अर्ज भरण्यापूर्वी चार दिवस दृष्टिमापकाच्या शेजारी

(लातूर जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आरोग्य व शिक्षण खात्यांतील अधिकारी यांच्यापुढे एका निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शालेय मुलांच्या डोळ्यांची निगा या विषयावर मी बोलावे, अशी आपली अपेक्षा आहे. त्या विषयावर मी गेली अनेक वर्षे बोलत आलो आहे आणि आपल्यापैकी काहींनी तेच भाषण दोनदा ऐकले असण्याचाही संभव आहे. म्हणून आज थोडी मोकळीक घेतो. मुलांच्या डोळ्यांविषयी न बोलता, पुढे जाऊन लोकांचे डोळे तपासण्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलांविषयी मला काही सांगावयाचे आहे. ते सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती आपल्यासमोर कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

आपला जिल्हा बारावीच्या अभ्यासाबद्दल साऱ्या राज्यात ओळखला जातो. 'लातूर पॅटर्न' हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा पालक महाराष्ट्रात विरळा. परंतु या पॅटर्नची एक दुसरी बाजू आहे आणि ती निकालाच्या दिवसानंतर दिसते. वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत ज्यांचे नाव लागत नाही, त्यांची संख्या ज्यांचे लागते त्यांच्यापेक्षा अर्थातच कितीतरी मोठी असते. अशा मुलांचे वडील मग ओळखीपाळखीने दवाखान्यांत येतात आणि विचारतात, "साहेब, मेडिकल लाइनमधलं दुसरं काहीतरी सांगा." अशा वेळी आम्ही चार-पाच नावे सांगतो. त्यांत ऑप्टोमेट्रीचे, म्हणजे दृष्टिमापनशास्त्राचे, नाव हमखास असते. नाव कानाला डॉक्टरकीच्या जवळचे वाटते, अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो आणि पदवी मिळते. तेवढ्या माहितीवर अर्ज भरला जातो.

२०१४ साली असाच एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलगी हुशार होती. मी ऑप्टोमेट्री सुचविली, शहरातल्या महाविद्यालयांची माहिती दिली आणि अर्ज कसा भरावा तेही सांगितले. मुलगी गेली. दुसरे वर्ष संपता संपता ती शिक्षण सोडून परत आली. सोयाबीनच्या दोन हंगामांचे पैसे फीमध्ये आणि वसतिगृहात गेले होते आणि शिवाय सोसायटीचे कर्ज होते. ती मला भेटावयास आली तेव्हा रागावलेली नव्हती. ते माझ्या अधिकच जिव्हारी लागले. तिची समजूत अशी होती की, या शिक्षणानंतर आपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करू. ते होत नाही हे पहिल्या वर्षी कळले. मग दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून एकामागून एक माणसाला 'हे बरे की ते बरे' असे विचारण्यात तिचे मन रमेना. ती एवढेच म्हणाली, "सर, तुमची खोली आमच्या शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर होती. मी दोन दिवस तिथे बसले असते तरी मला कळलं असतं."

तिला कोणी फसविले नव्हते. तिला कोणी दाखविले नव्हते, इतकेच. आणि दाखविण्यास सर्वांत सोयीच्या जागी मीच होतो.

आता ज्यांचा या क्षेत्राशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो; कारण शिक्षक मंडळींतही या बाबतीत बराच गोंधळ आढळतो. डोळ्यांच्या कामात तीन प्रकारची माणसे आहेत. नेत्रतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर डोळ्यांच्या रोगांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हे त्यांचे काम. दुसरे, चष्मा तयार करून देणारे कारागीर व दुकानदार. भिंग घासून चौकटीत बसविणे, चष्मा नाकावर आणि कानांवर नीट बेतणे ही त्यांची कला. या दोहोंच्या मध्ये ऑप्टोमेट्रिस्ट उभा असतो. दृष्टी मोजणे, चष्म्याचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर काढणे, दोन्ही डोळे एकमेकांशी जुळवून काम करतात की नाही हे पाहणे, अधू दृष्टीच्या माणसाला उरलेल्या दृष्टीचा उपयोग शिकविणे, आणि डोळ्यांत रोगाची चिन्हे दिसताच रुग्णाला वेळेवर नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे, हे त्याचे काम. आपल्या देशात तो शस्त्रक्रिया करीत नाही. हे एक वाक्य जरी प्रत्येक अर्जदाराच्या कानावर घातले गेले असते, तरी काही कुटुंबांचे पैसे वाचले असते.

आपल्याकडे या व्यवसायाची घडण सावकाश झाली. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि नेत्रसहाय्यकांना प्रशिक्षण देऊन ग्रामीण आरोग्य केंद्रांपर्यंत पोचविण्याचे काम त्यातून पुढे आले. मी त्याच वाटेने या खात्यात आलो. १९८५ मध्ये चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू झाले. पुढे हैदराबाद, मुंबई, पुणे अशा शहरांतून पदवीचे शिक्षण मिळू लागले. मात्र या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याची चौकट मिळण्यास २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियम केला. त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्रसहाय्यक यांचा समावेश आहे. तेव्हा हे क्षेत्र आता पूर्वीसारखे अंधारातले राहिलेले नाही. मुलांनी या क्षेत्राकडे जाऊ नये असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ज्यांना हे काम मानवते त्यांची आपल्या तालुक्यांना फार गरज आहे. प्रश्न एवढाच आहे की, कोणाला मानवेल हे ओळखायचे कसे?

अमेरिकेत या प्रश्नावर एक साधी रीत पडून गेली आहे. तेथे ऑप्टोमेट्रीचे शिक्षण आपल्यासारखे बारावीनंतर लगेच सुरू होत नाही. महाविद्यालयीन शिक्षण, बहुतेकांच्या बाबतीत पदवी, झाल्यावर चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि त्यासाठी प्रवेश परीक्षाही असते. परंतु गुण पाहून भागत नाही. अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या व्यवसाय करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टच्या खोलीत काही काळ नुसते सोबत राहून काम पाहावे, अशी तेथील महाविद्यालयांची अपेक्षा असते. या पद्धतीला तेथे 'शॅडोइंग' म्हणतात, म्हणजे सावलीप्रमाणे मागे राहणे. काही महाविद्यालये किती तास पाहावे याचा आकडा सांगतात, काही सांगत नाहीत. पण कोणाकडे पाहिले, किती काळ पाहिले, हे अर्जात लिहावे लागते. पुष्कळ ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्टचे शिफारसपत्रही मागतात. मुलाखतीत विचारतात, हेच क्षेत्र का? ज्याने खोलीत बसून पाहिले आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचा मामेभाऊ न्यू जर्सीत वाढला. त्याने एक सबंध उन्हाळा दर शनिवारी घराजवळच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे काढला. त्याने तिला सांगितलेली एक गोष्ट मला आवडली. पहिले दोन शनिवार त्याला यंत्रांचे फार आकर्षण वाटले. तिसऱ्या शनिवारपासून तो यंत्रांकडे पाहीनासा झाला आणि माणसे कशी बोलतात ते ऐकू लागला.

आपल्याकडे प्रवेश बारावीच्या किंवा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. कोणी कोठे बसून काय पाहिले, हे विचारले जात नाही. म्हणून अशा अनुभवाला प्रवेशाच्या दृष्टीने काडीची किंमत नाही, असे कोणी म्हणेल. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. पण अमेरिकेतला विद्यार्थी बावीस वर्षांचा असतो. आपला सतरा-अठरा वर्षांचा. ज्याला चार वर्षे कमी मिळतात त्यालाच आधी पाहण्याची गरज अधिक असते, असे मला वाटते.

शिवाय ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या भाषेत 'उमेदवारी' हा शब्द निवडणुकीत जाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वकिलाकडे, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर मुलगा उमेदवारी करीत असे. पगार नसे, पाहायचे, पडेल ते काम करायचे आणि शिकायचे. फरक इतकाच की, उमेदवार हाताने काम करी. येथे विद्यार्थ्याने कशालाही हात लावावयाचा नाही. तो रुग्णाच्या डोळ्यांत थेंब घालणार नाही, नंबर काढणार नाही, सल्ला देणार नाही. त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फक्त पाहावयाचे आहे.

पाहण्यासारखे काय असते ते सांगतो. ग्रामीण रुग्णालयातली नेत्रतपासणीची खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये केलेल्या तक्त्याचाच हा वंशज. आमच्याकडे देवनागरी अक्षरांचा एक तक्ता असतो आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चारी दिशांना तोंडे केलेल्या ई या इंग्रजी अक्षराचा दुसरा. रुग्ण सहा मीटरवर बसतो. खोली लहान असेल तर आरसा लावून तेवढे अंतर साधतात. सर्वांत वरचे मोठे अक्षर निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसावे अशा मापाचे असते. ज्याला सहा मीटरवरून तेवढेच दिसते त्याची दृष्टी आम्ही ६/६० लिहितो. विज्ञानाच्या शिक्षकांना हे सांगावयास नको; पण पुष्कळ पालक या आकड्याला अपूर्णांक समजून घाबरतात.

पहिली येते ती एक म्हातारी. तिला शेवटच्या ओळीतले दिसत नाही, पण दिसते असे ती सांगते. कारण समोरचा साहेब नाराज होऊ नये. तिच्यामागे एक शिंपी. त्याने चाळिशी ओलांडली आहे, आणि 'चाळिशी' हा शब्द वयाला आणि चष्म्याला एकच का, हे त्याला आता कळू लागले आहे. त्याची सुई हातभर अंतरावर असते. सराफ त्याहून जवळून काम करतो. डाळ-तांदूळ निवडणारी बाई मांडीवरच्या सुपाकडे पाहते. तिघांचे वय एक असले तरी जवळचा नंबर एकच देऊन चालत नाही. कुशल ऑप्टोमेट्रिस्ट आधी विचारतो, "तुम्ही काय काम करता, आणि ते कुठे धरून करता?" कोपऱ्यात बसलेल्या मुलाने हा प्रश्न ऐकला पाहिजे. पाठ्यपुस्तकात तो एका ओळीत येऊन जातो.

मग अंधार करून रेटिनोस्कोपने तपासणी होते. बाहुलीत प्रकाशाची तिरीप टाकली की आतून लालसर उजेड परत येतो. उपकरण हलविले की तो उजेड कधी त्याच दिशेने सरकतो, कधी उलट. समोर एकेक भिंग धरत जावे; ज्या भिंगाला ती हालचाल थांबते तेथे नंबर सापडतो, फक्त तपासणाऱ्याचे अंतर हिशेबातून वजा करावे लागते. दोनतृतीयांश मीटरवर बसले तर दीड डायऑप्टर वजा. रुग्णाने एक शब्दही न बोलता त्याच्या डोळ्याचे माप मिळते. बोलता न येणाऱ्या बालकाचा चष्मा याच रीतीने काढतात. मला अजूनही त्या लाल उजेडाचे कौतुक वाटते. ज्या मुलाला पहिल्या दिवशी ते वाटत नाही, त्याने निदान स्वतःला विचारून पाहावे.

आणि मग सुरू होते ती खरी कसोटी. ट्रायल फ्रेममध्ये भिंग घालायचे, काढायचे, फिरवायचे आणि विचारायचे, "पहिलं बरं का दुसरं?" दिवसातून शंभर वेळा, दोनशे वेळा. रुग्ण गोंधळतो, पहिले म्हणतो, मग दुसरे म्हणतो, मग "दोन्ही सारखंच दिसू लालंय साहेब" म्हणतो. पाचव्या माणसापर्यंत सगळ्यांना धीर असतो. पस्तिसाव्या माणसाला तोच प्रश्न त्याच आवाजात विचारता येतो का, हे या व्यवसायाचे मर्म आहे. ते सांगून कळत नाही. दुपारी दोन वाजता, पोटात भूक असताना, त्या खोलीत बसल्यावरच कळते. जिचे शिक्षण सुटले त्या मुलीला नेमके हेच दाखवावयाचे राहून गेले होते.

एका सकाळचे मात्र मी विसरू शकत नाही. एका शिक्षिकेने चौथीतल्या एका मुलाला पाठविले होते. तो अभ्यासात बरा, खेळात बरा, तक्रार काहीच नाही. उजवा डोळा ६/६. डावा तपासताना त्याने उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहून सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या. आमच्या शेजारी त्या दिवशी अकरावीतला एक विद्यार्थी बसला होता. तो हळूच म्हणाला, "सर, तो बोटांतून बघतोय." डोळा पुठ्ठ्याने नीट झाकला, तर डाव्याने सर्वांत वरचे अक्षर कसेबसे. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक होता, आणि मेंदूने डाव्या डोळ्याकडे लक्ष देणेच सोडून दिले होते. याला मंददृष्टी किंवा आळशी डोळा म्हणतात. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठराविक वेळ पट्टी बांधणे हा त्यावरचा उपाय. वय जितके लहान तितका तो अधिक लागू पडतो. दोन्ही डोळे उघडे असताना अशा मुलाला काही कमी भासत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही. तो बोटांची फट पाहणारा विद्यार्थी आज शेजारच्या जिल्ह्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. त्याचा निर्णय त्या एका सकाळी झाला असा दावा मी करीत नाही. पण त्याच आठवड्यात तो पुन्हा आला होता, न बोलावता.

आता दुसऱ्या चुकीकडे वळतो. मुलीच्या प्रसंगानंतर मी उत्साहाने मुलांना पाठवू लागलो. २०१६ च्या उन्हाळ्यात एका मुलाला चष्म्याच्या एका दुकानात धाडले. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे नंबर तपासणारा आठवड्यातून एकच दिवस येत असे, हे मी विचारले नव्हते. उरलेले दिवस मुलाने काचा पुसल्या, चहा आणला आणि गिऱ्हाइकांना महागाच्या चौकटी दाखविल्या. महिनाभराने तो सांगू लागला की, ऑप्टोमेट्री म्हणजे दुकानदारी. त्याचे हे मत अजून तसेच आहे. तेव्हा, 'कोठे बसविता' याला 'किती दिवस बसविता' यापेक्षा अधिक महत्त्व आहे. मालकाला आधी स्पष्ट विचारावे की, तपासणी कोण करतो, कोणत्या वेळी करतो, आणि मूल त्याच्या शेजारी बसेल की गल्ल्याशेजारी.

जागा एकच असू नये, हेही अनुभवाने सांगतो. सरकारी रुग्णालयात गर्दी आणि गरिबी दिसते. खासगी व्यावसायिकाकडे वेळ देऊन केलेली तपासणी दिसते. नेत्रशिबिरात मोतीबिंदू झालेली माणसे निवडण्याचे काम दिसते. शाळेतल्या तपासणीच्या दिवशी तर विद्यार्थ्याला कोठे जावेच लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत येतात आणि दृष्टिदोष हा त्यांच्या तपासणीचा एक भाग आहे. अकरावी-बारावीच्या इच्छुक मुलांना त्या दिवशी पथकाच्या परवानगीने एका बाजूस बसवावे. शक्य असेल त्याने एकदा मोठ्या शहरातल्या नेत्ररुग्णालयात अधू दृष्टीचा विभाग पाहावा. शस्त्रक्रियेने किंवा चष्म्याने ज्यांची दृष्टी आता वाढणार नाही अशांना भिंगे, लहान दुर्बिणी, योग्य प्रकाश यांच्या साहाय्याने तेथे पुन्हा वाचावयास शिकवितात. हा विभाग पाहून मन पालटलेली मुले मी पाहिली आहेत.

रुग्णाच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. तो आपले दुखणे घेऊन येतो, प्रदर्शनासाठी येत नाही. अमेरिकेत रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेविषयी १९९६ चा कायदा आहे आणि पाहण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यालाही तेथे ही बंधने समजावून देतात. आपल्याकडे निदान एवढे तरी पाळावे, की तपासणाऱ्याने रुग्णाला सांगावे, "हा विद्यार्थी आहे, बसला तर चालेल ना?" आणि रुग्ण नको म्हणाला तर मुलाने निमूटपणे बाहेर जावे. मुलाने वहीत टिपणे जरूर ठेवावीत, पण त्यांत रुग्णाचे नाव, गाव, आडनाव काही असू नये. फोटो तर मुळीच नकोत. गावात सर्वजण एकमेकांना ओळखतात. कोणाच्या सुनेला किती नंबर आहे ही बातमी पारावर पोचली तर पुढचे लग्न अडते, हे मी पाहिले आहे. बाहेर बोलायचे नाही हे शिक्षण त्या स्टुलावरच सुरू होते.

मुलींच्या बाबतीत पालक कचरतात आणि त्यांचे कचरणे अगदीच निराधार नसते. अंधारी खोली, अनोळखी पुरुष, तालुक्याचे गाव. यावर उपाय आहेत. दोन मुलींना जोडीने पाठवावे. जेथे तपासणारी स्त्री असेल तेथे प्रथम पाहावे. पहिल्या दिवशी शिक्षिकेने बरोबर जावे आणि खोली, वेळ, परतीची एसटी हे सारे स्वतः पाहून घ्यावे. पालक एकदा खोली पाहून गेले की बहुधा शंका राहत नाही.

व्यवस्थेचे म्हणाल तर ती अवघड नाही. पण ती आपोआप होणारी नाही, कारण शेतकऱ्याच्या मुलाला दवाखान्याच्या दारात उभे राहून 'मला बसू द्या' असे म्हणण्याचा धीर नसतो. शहरातल्या डॉक्टराच्या मुलाला तो असतो, कारण तो दवाखाना त्याच्या काकाचा असतो. ही दरी मुख्याध्यापकांचे एक पत्र बुजवू शकते. पत्र रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या किंवा खासगी व्यावसायिकाच्या नावे असावे. परवानगी द्यावी की नाही हा सर्वस्वी त्यांचा अधिकार आहे. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये, दुसऱ्या दारी जावे. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. पाच-सहा दिवसांचे एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण एवढ्यावर काही मुले अडतात. गावातल्या कोणीही ते आनंदाने दिले असते, पण मागायचे कोणी? तेवढे आपण मागावे. खात्यातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना एवढेच सांगतो की, एक स्टूल ठेवण्याने ओपीडी लांबत नाही. मी ते करून पाहिले आहे. उलट शेजारी कोणी पाहत असले की आपण रुग्णाशी जरा अधिक सौजन्याने बोलतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

काही मुले पाहून परत येतात आणि म्हणतात, "सर, हे माझं काम नव्हे." अशा वेळी शिक्षकांनी हिरमुसले होऊ नये. २०१८ मध्ये आलेल्या एका मुलाने तिसऱ्या दिवशी मला हेच सांगितले. तो पुढे शेतकी पदविकेला गेला आणि त्याच्या वडिलांचा एक रुपयाही वाया गेला नाही. ज्या मुलीविषयी सुरुवातीला सांगितले, तिने पुढे बी. ए., बी. एड. केले, आज ती शिक्षिका आहे. तिच्या शाळेतील मुले माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांकडे बसावयास येतात. त्यांची पत्रे तीच लिहिते.

पत्र कसे लिहावे, असे मघाशी एका मुख्याध्यापकांनी विचारले, म्हणून जाता जाता सांगतो. विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तो फक्त पाहील व कशालाही हात लावणार नाही असे एक वाक्य, पालकांची संमती, आणि अडचण आल्यास संपर्क साधण्यासाठी शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक. इतके पुरे. दिवस निवडताना सुटीचे, गर्दी नसलेले दिवस पाहू नका. बाजाराचा वार निवडा. त्या दिवशी खेड्यांतली माणसे एसटीने येतात, बाजार आटोपून पिशव्या घेऊनच तपासणीला बसतात आणि परतीची गाडी साडेचारची असते.